ब्रेकची थरथर
ब्रेकची थरथर म्हणजे ब्रेक दाबताच स्टिअरिंग किंवा पेडल हादरणे. जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये हा दोष विशेषतः वेगात जाणवतो. स्टिअरिंग हादरल्यास मूळ बहुधा पुढच्या चाकांत असते. डिस्कची जाडी सर्वत्र सारखी नसणे आणि हबवरील गंजामुळे डिस्क तिरकी बसणे ही मुख्य कारणे होत. जाडी मायक्रोमीटरने अनेक ठिकाणी, तर तिरकेपणा डायल गेजने मोजतात.

एकच चाक अधिक तापणे, पॅड असमान झिजणे किंवा गाडी एका बाजूस ओढली जाणे ही कॅलिपर जाम झाल्याची लक्षणे होत. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना अशा कॅलिपरच्या उष्णतेने, ओलावा शोषलेले जुने ब्रेक ऑइल उकळून पेडल निकामी होऊ शकते. म्हणून घाटापूर्वीच तपासणी आवश्यक ठरते.