विजापूरचे समपातळी बांध

विजापूर-सोलापूरच्या भारी काळ्या जमिनीतील शेती मुख्यतः रब्बीची. ज्वारीची पेर भाद्रपद-आश्विनात होते. तोवर, म्हणजे पावसाळ्याचा बहुतेक काळ, रान कुळवून उघडे ठेवलेले असते. या भागात पाऊस थोडा. पण पडतो तेव्हा पुष्कळदा तास-दोन तासांत कोसळून मोकळा होतो. अंगावर पीक नसलेली जमीन तो मार सोसते. वरचा सुपीक थर ओढ्याला मिळतो आणि ऐन पेरणीला खाली ओल राहत नाही. शेतकऱ्याला हे कळत नव्हते असे नाही. उताराला आडव्या ताली घालण्याची रीत जुनीच होती. मात्र ताल ज्याच्या त्याच्या शेतापुरती, आणि वरच्या शेजाऱ्याच्या रानातून येणारे पाणी तिला जुमानीत नसे.

१९३० नंतरच्या दशकात सोलापूर व विजापूर येथे कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू झाले. बांधबंदिस्ती, शेणखत, दोन ओळींत अधिक अंतर, वरचेवर कोळपणी अशी एक पद्धतच त्यांतून तयार झाली. एन. व्ही. कानिटकर यांचा या विषयावरील ग्रंथ १९४४ साली प्रसिद्ध झाला. तत्पूर्वीच, १९४२ साली, मुंबई सरकारने जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला होता. एकट्याने घातलेला बांध टिकत नाही, हे त्याचे मर्म. योजना आखावी, हरकती ऐकून घ्याव्या, मग संपूर्ण क्षेत्रात काम करावे आणि खर्चाचा भार जमीनमालकावर टाकावा, अशी व्यवस्था होती. त्याच सुमारास, १९४२-४३ साली, विजापुरात दुष्काळ पडला. कामावर आलेल्या हजारो हातांना बांधांचे काम मिळाले.

येथेच धोरणाची खरी कसोटी लागली. समपातळी बांध जमिनीची उंची पाहून चालतो. सातबाराची हद्द पाहत नाही. तो एका शेताच्या मधून तिरपा जाई, औत वळविताना आडवा येई, आणि बांधाखाली पट्टाभर जमीन अडे. धूप थांबल्याचा लाभ काही वर्षांनी दिसणार. पट्टा मात्र आजच गेला. वाटणीचा बांध वीतभर सरकला तर तालुक्याच्या कचेरीपर्यंत भांडण जाते. समपातळी बांध नांगराच्या फाळाने दरसाल थोडा थोडा झिजला, तर त्याची दाद मागायला कोणी जात नाही!

दुसरी अडचण मातीचीच होती, आणि तिचा दोष शेतकऱ्यावर ढकलता येत नाही. पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी एकच, जमिनी निरनिराळ्या. येथे बांध एकच होता. हलक्या, पाणी मुरणाऱ्या जमिनीत त्याने चांगले काम केले. खोल काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरते. त्यामुळे बांधाच्या वरच्या अंगाला ते दिवसेंदिवस साचून राही आणि तेवढ्या पट्ट्यातील पेर लांबे किंवा पीक पिवळे पडे. उन्हाळ्यात ही माती भेगाळते, आणि त्याच मातीचा बांधही भेगाळतो. पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी भेगेत शिरले की बांध फुटे, आणि तेथून सुटलेला लोंढा बांध नसता त्याहूनही खोल घळ पाडी. १९५४ साली स्थापन झालेल्या बळ्ळारीच्या संशोधन केंद्रातील कामानेही हेच दाखविले. अशा जमिनीत पाणी अडवून धरण्याऐवजी किंचित ढाळ देऊन सावकाश बाहेर काढावे, असे मत पुढे रूढ झाले.

पण खात्याच्या कामाचा हिशेब किती एकरांवर बांध पडले यावर होई. किती बांध दहा वर्षांनी उभे राहिले, हा रकाना त्यात क्वचितच असे. १९५६ साली विजापूर व बेळगाव जिल्हे म्हैसूर राज्यात गेले, सोलापूर मुंबई राज्यात राहिले. १९६१ साली म्हैसूरने आपला स्वतंत्र जमीन सुधारणा कायदा केला. पुढे १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात पुन्हा मोठ्या प्रमाणावर बांधबंदिस्ती झाली. तेव्हाही माणसांना काम हवे होते, आणि माती खणून टाकणे हे सर्वांना येणारे काम होते. दुष्काळ सरल्यावर मात्र त्या बांधांची डागडुजी ज्याचे त्याने करावी, अशी अपेक्षा राहिली. आणि ज्याच्या रानात पाणी साचत होते, त्याला ती करण्याचे कारण उरले नव्हते.