उघड्या डोंगरावरची हरणे

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काही ना काही लिहावे, असे ठरले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. एखादी पाककृती लिहून द्यावी आणि मोकळे व्हावे, असे मनात होते. परंतु मागच्या थंडीत आम्ही घरची मंडळी सागरेश्वरला हरणे पाहायला गेलो होतो, तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळत राहिली आहे. तीच लिहिते. भगिनींनी गोड मानून घ्यावी.

सागरेश्वर हे सांगली जिल्ह्यात, देवराष्ट्रे गावाजवळ. माझ्या सासूबाईंचे माहेर त्याच डोंगराच्या पायथ्याच्या एका खेड्यातले. सासरे पावरहाऊसच्या कामाला म्हणून पोफळीस आले आणि इथलेच झाले. सासूबाईही लग्न होऊन घाट उतरल्या त्या उतरल्याच. भाऊ गेल्यावर माहेरचे दार बंद झाले, तसे जाणेही थांबले. मुलांनी हरणे पाहायचा हट्ट धरला तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, “हरणं? आमच्या डोंगरावर? तिथं शेरडाला पाला नव्हता.” मग त्यांनाही घेऊन जायचे नक्की झाले.

पहाटे भाकऱ्या, लसणाची चटणी आणि दहीभात बांधून निघालो. कुंभार्ली घाट चढून हेळवाक, कोयनानगर, पाटण करीत कराडला पोचलो. या रस्त्याने जाताना मला नेहमी पाण्याचे नवल वाटते. कोयनेच्या धरणातले काही पाणी डोंगर पोखरून केलेल्या बोगद्यांतून आपल्या पोफळीला येते, १९६२ पासून इथे वीज करते आणि वाशिष्ठीला मिळून पश्चिमेच्या समुद्राला जाते. उरलेले पाणी आपल्या जुन्या वाटेने कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि पूर्वेच्या समुद्राला जाते. एकाच आईच्या दोन लेकी, एक कोकणात दिलेली आणि एक देशावर! सासूबाईंना हे सांगितले तर म्हणाल्या, “मग मी उलटी आले म्हणायची.”

संगमावर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीला नमस्कार करून तासगावच्या बाजूला वळलो. यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे, त्यांच्या आजोळी झाला. ते घर आजही जतन केलेले आहे. वडील लहानपणीच वारले आणि आई विठाबाईंनी कष्टाने मुले वाढविली. पुढे तोच मुलगा १९६० मध्ये महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झाला. त्या लहानशा घरापुढे उभे राहिले की आईच्या कष्टांचे मोल कळते.

तेथून सागरेश्वराच्या देवळात गेलो. मुख्य देऊळ महादेवाचे आणि भोवती लहान लहान देवळांचा मेळा, पन्नासाच्या आसपास. ही देवळे चालुक्यांच्या काळातली मानतात. श्रावणात सोमवारी इथे मोठी गर्दी असते. आत दगडाचा गारवा मोठा सुखाचा. सासूबाईंनी मात्र दर्शन घेतले आणि लगेच बाहेर येऊन डोंगराकडे पाहत राहिल्या. काही बोलल्या नाहीत.

आता थोडे हरणांच्या बागांविषयी सांगते. राखीव रानात हरणे ठेवण्याची चाल आपल्या देशात फार जुनी. काशीजवळचे सारनाथ सर्वांना ठाऊक आहे. गौतम बुद्धांनी पहिला उपदेश केला तो तिथल्या मृगदावात, म्हणजे हरणांच्या वनात. त्या वनाची एक जातककथा आहे. काशीच्या राजाला रोज हरणाचे मांस लागे. म्हणून हरणांचे दोन कळप बागेत कोंडले होते. रोज पाळीपाळीने एका हरणाने मरायला जायचे. एके दिवशी एका गाभण हरिणीची पाळी आली. तिच्या कळपाच्या राजाने पाळी बदलून दिली नाही. तेव्हा दुसऱ्या कळपाचा राजा तिच्या जागी स्वतः जाऊन मान ठेवून पडला. ते पाहून काशीचा राजा विरघळला आणि त्याने सर्व हरणांना अभय दिले.

पण सगळेच राजे विरघळणारे नसतात. राजेलोकांच्या राखीव रानात हरीण राखायचे ते बहुधा शिकारीसाठीच. आपल्या कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळीत. चित्त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला गाडीतून माळावर नेत आणि काळवीट दिसताच पट्टी काढून सोडीत. पुढे आपल्या देशातला चित्ताच संपला. १९५२ मध्ये तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले. माळावरची काळविटेही विरळ झाली. शिकारीला बंदी घालणारा वन्यजीव संरक्षणाचा कायदा त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, १९७२ मध्ये झाला.

सागरेश्वरचा मृगविहार मात्र कोणा राजाने शिकारीसाठी राखलेला नाही. तो माणसांनी हाताने उभा केलेला आहे. हा मुलूख पावसाच्या आडोशाचा. आपल्या पोफळीला पावसाळ्यात शंभर इंचांच्या पुढे पाऊस पडतो, तिथे वीस-पंचवीस इंच पडला तरी लोक सुखावतात. डोंगर उघडाबोडका होता. त्यावर झाडे लावावीत, ती राखावीत आणि तिथे हरणे आणून सोडावीत, हा ध्यास मोहित्यांचे वडगाव येथील धों. म. मोहिते यांनी घेतला. लोक त्यांना वृक्षमित्र म्हणत. खात्याची मदत आणि गावकऱ्यांची साथ मिळाली, झाडे धरली आणि बाहेरून चितळ, सांबर, काळवीट आणून सोडले. १९८५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर, म्हणजे तसे लहानच. आज यशवंतरावांचे नाव त्याला दिलेले आहे.

फाटकावर तिकिटे काढून आम्ही चढू लागलो. कोरड्या मुलखातली काटेरी झाडे, मध्ये पिवळे गवत. जनावरांसाठी पाणवठे केलेले आहेत. पहिल्या वळणावर मुलांना चितळांचा कळप दिसला. तांबूस अंगावर पांढरे ठिपके, जणू तांदळाची रांगोळी. एका नराची शिंगे मोठी डौलदार. चितळ आणि सांबर यांची शिंगे गळून पडतात आणि नवी फुटतात. काळविटाची पिळाची शिंगे मात्र जन्मभराची. काळविटाला उघडे गवताळ रान आवडते, चितळाला सावली आणि जवळ पाणी. आमच्या धाकट्याने टाळी वाजविली तसा एका मादीने कर्कश आवाज काढला आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच कळप दिसेनासा झाला. मग पोराला चांगलीच बोलणी बसली.

वर माथ्यावर गेल्यावर खाली कृष्णामाई वळणे घेत जाताना दिसते. दोन्ही अंगांना उसाचे फड नि द्राक्षांचे मळे. ताकारी योजनेचे पंप कृष्णेचे पाणी उचलून चढावर देतात. एके काळी दुष्काळाचे नाव काढले की हाच भाग आठवे.

तिथे सासूबाई एका झाडाखाली बसल्या. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “सूनबाई, इथं सावली नव्हती गं. आम्ही पोरी पहाटं येऊन मोळी बांधायचो. झाड संपल्यावर झुडपं तोडली. झुडपं संपल्यावर मुळ्या खणून काढल्या. बहात्तरच्या दुष्काळात तर काडी ठेवली नाही. लोक म्हणतात दुष्काळानं डोंगर खाल्ला. दुष्काळानं नाही, आम्हीच खाल्ला.”

मी म्हटले, “चूल पेटवायची होती, आई. दुसरे काय करणार होता?”

“ते खरं. पण खाल्ला आम्हीच.”

इतकी वर्षे एका घरात राहून ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. माहेरच्या आठवणी त्या का काढीत नसत, हे मला त्या दिवशी थोडे कळले.

उतरल्यावर रस्त्याकडेला चहा घेतला. तिथे एक वयस्क शेतकरी बसले होते. म्हणाले, “हरणं बघितली? छान हाईत. रात्री आमच्या शाळूत येऊन बघा, आणखी छान दिसतील.” कुंपण असले तरी उन्हाळ्यात हरणे कुठून तरी बाहेर पडतात आणि उभे पीक खातात, असे त्यांचे म्हणणे. रात्रभर राखण करावी लागते. त्यांचा राग हरणांवर नव्हता, पण झोप जाते ती त्यांचीच. आपण तिकीट काढून मौज पाहतो. तिचा काही भार दुसऱ्याच्या शेतावर पडतो, हे विसरू नये.

मला मघाची जातककथा आठवली, कारण ती अभयाशी संपत नाही. हरणांना अभय मिळाल्यावर ती लोकांची शेते खाऊ लागली आणि लोक राजाकडे गाऱ्हाणे घेऊन गेले. राजा वचन मोडीना. तेव्हा हरणांच्या राजाने कळपाला बजावले की, परक्याचे पीक खायचे नाही. शेतकऱ्यांना निरोप दिला की, कुंपण घालू नका, बांधावर पानांची जुडी बांधा, ती खूण आम्ही पाळू. कथेतली हरणे शहाणी होती. खरी हरणे खूण पाळीत नाहीत, म्हणून ती माणसांनीच पाळायची. कुंपण धड ठेवायचे, डोंगरात पाणी आणि गवत पुरेसे ठेवायचे आणि ज्याचे पीक गेले त्याला भरपाई वेळेवर द्यायची.

सागरेश्वर अभयारण्य झाले त्याच १९८५ साली आपल्या घाटमाथ्यावर कोयना अभयारण्य झाले. २०१० मध्ये ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले. एक रान माणसांनी हाताने केलेले, एक देवाने दिलेले. आपल्याला रान आयते मिळाले, म्हणून त्याची किंमत नाही. घरात गॅस आला, पण आंघोळीच्या पाण्याला आजही चूल पेटते, माझ्याही घरी. वाळकी फाटी आणणे निराळे आणि हिरवे तोडणे किंवा ठेकेदाराला डोंगर विकणे निराळे. एका पिढीत डोंगर संपतो, हे माझ्या सासूबाईंनी डोळ्यांनी पाहिले आहे. तो पुन्हा उभा करायला किती हात आणि वर्षे लागतात, तेही त्या दिवशी पाहिले.

मंडळापुढे एवढेच सुचविते, दर वर्षी झाडे लावून फोटो काढण्यापेक्षा आपल्या वस्तीमागचा एखादा लहानसा उतार पाळीपाळीने राखावा. लावणे एका दिवसाचे, राखणे जन्माचे. पटल्यास पुढच्या बैठकीत बोलू.

एक गोष्ट सांगायची राहिली. उतरताना वाटेवर एक वाळकी फांदी पडली होती. सवयीने सासूबाई वाकल्या, ती उचलली, गुडघ्यावर मोडणार तोच थांबल्या. मग ती होती तिथेच ठेवून माझा हात धरून चालू लागल्या.