ई-बस, ई-ट्रक चार्ज कसे होतात? गावच्या मुक्कामी गाडीचं काय होणार? वाचा सविस्तर

एसटीची पहिली विजेवरची 'शिवाई' १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर धावली. १९४८ साली याच तारखेला, याच मार्गावर एसटीची पहिली बस सुटली होती. पुढे महामंडळाने ५ हजार १५० ई-बस भाडेतत्त्वावर घेण्याचा करार केला. पण नुसती गाडी येऊन भागत नाही, चार्जर नसेल तर ती जागेवरच उभी राहते.

वीज किती लागते?

१२ मीटर लांबीच्या ई-बसला एका किलोमीटरला साधारण एक ते दीड युनिट वीज लागते. म्हणजे २०० किलोमीटरला २०० ते ३०० युनिट. २४० किलोवॅटचा फास्ट चार्जर पूर्ण ताकदीने चालला तर एवढी वीज पाऊण ते सव्वा तासात भरतो. मात्र बॅटरी ८० टक्क्यांच्या वर गेली की वेग कमी होतो, वेळ वाढतो.

शेतीच्या हिशोबात सांगायचं तर ५ एचपीची मोटर सुमारे पावणेचार किलोवॅटची. असा एक चार्जर चालू होणं म्हणजे ६० च्या वर मोटारी एकदम सुरू होणं. गावातली ६३ केव्हीएची डीपी त्याला पुरणार नाही. त्यासाठी उच्चदाबाची लाईन आणि स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर लागतो, शिवाय सबस्टेशनवर तेवढी क्षमता शिल्लक असावी लागते. ती नसताना भार टाकला तर व्होल्टेजचा त्रास इतरांनाही होतो.

मुक्कामी गाडीचा प्रश्न

डिझेलची बस संध्याकाळी गावात येते, रात्री थांबते आणि सकाळी कॉलेजची पोरं, दूधवाले, दवाखान्याला जाणारे घेऊन निघते. ई-बस चार्ज करायला रात्रीचीच वेळ सोयीची, पण गावात चार्जर नसतो. गाव आगारापासून ४० किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन ८० ते १२० युनिट खर्च होतात. पूर्ण चार्ज होऊन निघालेली गाडी मुक्काम करून सहज परतू शकते. पण परतल्यावर पुढच्या फेऱ्यांसाठी तिला दिवसा चार्जिंग लागेल. म्हणून प्रत्येक गावात नसला तरी तालुक्याच्या स्टँडवर चार्जर पाहिजे. ग्रामसभेने मुक्कामी गाडीचा ठराव करताना ही मागणीही त्यात घालावी.

ट्रकसाठी काय?

केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अवजड आणि लांब पल्ल्याच्या वाहनांसाठी महामार्गावर दोन्ही बाजूंना दर १०० किलोमीटरला किमान एक फास्ट चार्जिंग स्टेशन अपेक्षित आहे. ट्रेलर लांब असतो, रिव्हर्स घेणं अवघड. त्यामुळे एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर अशी ऐसपैस जागा लागते. दुसरा उपाय बॅटरी बदलण्याचा. रिकामी काढायची, भरलेली बसवायची, काम काही मिनिटांत होतं.

रस्त्याकडेला जमीन असेल तर

सार्वजनिक चार्जिंग स्टेशन काढायला वीज कायद्याखालील परवाना लागत नाही. ठरवून दिलेले तांत्रिक व सुरक्षेचे नियम पाळावे लागतात. पण आधी महावितरणच्या कार्यालयात जाऊन जवळच्या सबस्टेशनवर किती भार मिळू शकतो आणि लाईन आणायला किती खर्च येईल ते लेखी घ्या. त्याआधी एजन्सी देतो म्हणणाऱ्या कुणालाही आगाऊ रक्कम देऊ नका.