आधी कुणाचा हिशेब?

कागदावरच्या हिशेबात क्रम कुणी वेगळा शिकवत नसे. आधी कीर्द, मग खतावणी, मग तेरीज, शेवटी ताळेबंद. खतावणी पुरी व्हायच्या आत तेरीज जुळवायला बसणाऱ्याला पेढीवर कुणी ठेवलं नसतं. कीर्दीतली एखादी रक्कम चुकीची निघाली, तर ती पुढे कोणकोणत्या पानांवर गेली आहे हे कारकुनाला ठाऊक असे. तो तेवढीच पानं उघडून दुरुस्त करी. थोडक्यात, हिशेबाचा क्रम माणसाच्या डोक्यात असे.

स्प्रेडशीटने हा क्रम माणसाच्या डोक्यातून काढून यंत्राकडे सोपवला. स्प्रेडशीटचा इतिहास सांगताना कंपन्यांच्या लढाया रंगवून सांगितल्या जातात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती ही क्रमाची सोपवणूक. ती एका दिवसात झाली नाही, एका माणसाने केली नाही, आणि आजही पुरी झालेली नाही. आपण स्वतः लिहिलेलं फंक्शन शीटमध्ये टाकलं की क्रमाची जबाबदारी काही प्रमाणात गुपचूप आपल्याकडे परत येते. ती आल्याचं कुणी सांगत नाही, एवढंच.

सुरुवात व्हिसिकॅल्कपासून करू. १९७८ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनला फळ्यावरचे हिशेब पाहून एक कल्पना सुचली. फळ्यावर एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागतात. हे यंत्राने केलं तर? बॉब फ्रँकस्टनने त्याचा प्रोग्रॅम लिहिला आणि १९७९मध्ये तो ॲपल टूसाठी बाजारात आला. ३२ किलोबाइट मेमरीत ६३ स्तंभ आणि २५४ ओळींचा तक्ता बसवायचा होता. एवढ्या जागेत कुठला सेल कुणावर अवलंबून आहे याची नोंद ठेवणं ही चैन होती. म्हणून व्हिसिकॅल्क सरळ झाडू मारल्यासारखं मोजत जाई: ए स्तंभ वरून खाली, मग बी, मग सी. हवं तर स्तंभांऐवजी ओळीओळीने मोजायला सांगता येई.

आता समजा ए१मध्ये बी२०ची बेरीज दाखवायची आहे. आपल्याकडे गोषवारा वर आणि तपशील खाली ठेवायची पद्धत आहेच, तसंच हे. बी५मधला आकडा बदलला की व्हिसिकॅल्क ए१ आधी मोजणार, त्या वेळी बी२०मध्ये जुनीच बेरीज असणार. मग ते बी२०पर्यंत पोचून नवी बेरीज करणार. तोवर ए१ मागे पडलेला, त्यात शिळा आकडा. यावर उपाय म्हणजे उद्गारचिन्हाची कळ: ती दाबली की सगळं पुन्हा मोजलं जाई आणि ए१ बरोबर येई. अशा उलट्या संदर्भांची साखळी लांब असेल, तर कळ तितक्या वेळा दाबायची. हे गैरसोयीचं होतं, पण त्यात प्रामाणिकपणा होता. क्रम काय आहे ते वापरणाऱ्याला माहीत असे, आणि तक्ता त्या क्रमाला धरून मांडायची जबाबदारी त्याची असे.

गंमत म्हणजे या अडचणीवरचा उपाय व्हिसिकॅल्कच्या दहा वर्षं आधीच निघाला होता. १९६९ साली रेने पार्डो आणि रेमी लँडाऊ या दोघांनी लॅनपार नावाची प्रणाली मोठ्या संगणकांसाठी तयार केली. बेल कॅनडा, एटी अँड टी, जनरल मोटर्स अशा कंपन्यांच्या अंदाजपत्रकांसाठी ती वापरली गेली. तिचं वैशिष्ट्य असं, की सूत्रं कोणत्याही क्रमाने लिहिली तरी चालत. ज्या सूत्राला लागणारे आकडे अजून तयार नाहीत ते बाजूला ठेवायचं, तयार असतील ते मोजायचं, आणि पुन्हा पाहायचं. म्हणजे योग्य क्रम यंत्रच शोधणार.

पार्डो आणि लँडाऊ यांनी १९७०मध्ये या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. सूत्रांचा क्रम लावणं म्हणजे नुसतं गणित, त्याला पेटंट कसलं, असा एक आक्षेप होता. प्रकरण अपील कोर्टात गेलं आणि १९८२मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला: संगणकाने आपलं अंतर्गत काम कोणत्या क्रमाने करावं याची पद्धत पेटंटयोग्य ठरू शकते. ऑगस्ट १९८३मध्ये, अर्जानंतर तेरा वर्षांनी, पेटंट क्रमांक ४,३९८,२४९ मिळाला. तोवर लोटस १-२-३ बाजारात येऊन काही महिने झाले होते.

पुढे रेफॅक नावाच्या कंपनीने या पेटंटच्या जोरावर लोटस आणि इतरांवर दावा लावला. १९९६मध्ये तो फेटाळला गेला, पण क्रमाच्या मुद्द्यावर नाही. अर्जाच्या वेळी तज्ज्ञ म्हणून ज्यांची प्रतिज्ञापत्रं दिली होती त्यांचे शोधकर्त्यांच्या कंपनीशी असलेले आधीचे संबंध पेटंट कार्यालयाला सांगितले नव्हते, म्हणून पेटंट अंमलात आणण्याजोगं नाही, असं कोर्टाने ठरवलं. आधी काय मोजायचं या साध्या दिसणाऱ्या प्रश्नावर पंचवीस वर्षं वकिलांची पोटं भरली.

लोटसने १९८३मध्ये हा क्रम घराघरांतल्या नाही तरी कार्यालयाकार्यालयांतल्या संगणकांवर आणला. तिथे त्याला 'नॅचरल' असं नाव होतं. ओळीने किंवा स्तंभाने मोजायची जुनी सोयही ठेवली होती, पण न सांगता मिळणारा क्रम 'नैसर्गिक'. या शब्दाकडे मी नेहमी थोडा संशयाने पाहतो. त्यात निसर्गाचं काही नाही. गणितात या कामाला टोपोलॉजिकल सॉर्टिंग म्हणतात आणि मोठ्या प्रकल्पांच्या कामांची जाळी लावण्यासाठी आर्थर कान याने त्याची एक पद्धत १९६२मध्येच छापली होती. पुरणपोळी करणाऱ्या कुणालाही ती कळेल. डाळ शिजल्याशिवाय पुरण नाही आणि पुरण झाल्याशिवाय पोळी नाही. कणीक मात्र डाळ शिजत असताना मळून ठेवता येते. कशाआधी काय हवं तेवढं सांगितलं, की बाकीचा क्रम आपोआप पडतो. आणि पुरणासाठी पोळी हवी, पोळीसाठी पुरण हवं असं कुणी लिहिलं, तर स्वयंपाक सुरूच होणार नाही. स्प्रेडशीटमध्ये याला सर्क्युलर रेफरन्स म्हणतात.

१९८५च्या एक्सेलने पुढचं पाऊल टाकलं. एक आकडा बदलला की सगळा तक्ता मोजायचा नाही, त्यावर अवलंबून असलेले सेलच मोजायचे. म्हणजे पेढीवरच्या जुन्या कारकुनासारखं तेवढीच पानं उघडायची. त्यासाठी एक्सेल दोन गोष्टी सांभाळतं: कोण कुणावर अवलंबून याचं जाळं, आणि सूत्रांची एक रांग. रांगेतलं सूत्र मोजताना लागणारा सेल अजून मोजलेला नाही असं दिसलं, तर ते सूत्र मागे ढकललं जातं. सुधारलेली रांग पुढच्या वेळी उपयोगी पडते, म्हणून दुसऱ्यांदा मोजणी बरेचदा लवकर होते. एक्सेल २०००पर्यंत ही रांग प्रत्येक शीटची वेगळी असे आणि शीट्स नावांच्या वर्णक्रमाने घेतल्या जात. त्यामुळे शीटचं नुसतं नाव बदललं तरी मोजणीचा वेग बदलू शके! २००२च्या आवृत्तीपासून सगळ्या शीट्सची एकच रांग झाली.

या सगळ्या व्यवस्थेचा आधार एकच आहे: सूत्र उघडं असतं. बेरजेच्या सूत्रात बी५ असं लिहिलं आहे, ते एक्सेलला वाचता येतं, म्हणून जाळं विणता येतं. १९९३मध्ये एक्सेल ५बरोबर व्हीबीए आलं. मॅक्रो-शीटवर फंक्शनं त्याआधीही लिहिता येत, पण व्हीबीएमुळे ती कुणीही लिहू लागलं. आपल्याकडच्या कार्यालयांमध्ये तर एक फंक्शन हातोहात पसरलं. मायक्रोसॉफ्टने डॉलर-सेंटसाठी नमुना म्हणून दिलेलं 'स्पेलनंबर' घेऊन लोकांनी त्यात लाख-कोटी घातले आणि चेकवर, बिलावर अक्षरी रुपये उमटू लागले. हे फंक्शन क्रमाच्या बाबतीत कधी त्रास देत नाही. कारण त्याला जो एक आकडा लागतो तो कंसातून मिळतो. कंसातलं एक्सेलला दिसतं. फंक्शनच्या आत काय चाललंय ते मात्र दिसत नाही.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी कामावर पाहिलं. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी काही वर्षं कॉस्टिंगमध्ये होतो. तिथे दरपत्रकं काढायची एक जुनी फाइल होती. तिच्यात कधीच नोकरी सोडून गेलेल्या कुणीतरी लिहिलेलं फंक्शन होतं: कंसात भागाचं वजन द्यायचं, फंक्शन पोलादाचा दर 'दर' नावाच्या शीटवरून स्वतःच उचलून आणणार आणि किंमत सांगणार. वापरायला सुटसुटीत. एकदा खरेदी विभागाने दर वाढवला. चाळीसेक भागांचं दरपत्रक ग्राहकाकडे गेलं, आणि त्यातल्या काही ओळींत नवा दर लागला होता, काहींत जुना.

ठपका आला तो फाइल सांभाळणाऱ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांवर. "अहो, मी एफ९ दाबलं होतं," असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. साहेबांचं म्हणणं, दाबलं असतं तर आकडे बदलले नसते का? कोण खोटं बोलतंय असा प्रश्न झाला होता. खरं तर दोघंही खरं बोलत होते.

आम्ही फंक्शनच्या सुरुवातीला एक ओळ घातली: जेव्हा बोलावणं येईल तेव्हा कोणत्या सेलकडून आलं ते लिहून ठेव. मग 'दर'मधला आकडा बदलला. एकही नोंद पडली नाही. एफ९ दाबलं, तरीही नाही. मग एका भागाचं वजन बदलून पाहिलं. त्या एकाच सेलची नोंद पडली आणि त्या एकाच ओळीत नवा दर आला. उलगडा झाला. एफ९ म्हणजे 'सगळं मोज' नव्हे, तर 'जे बदललंय असं तुला वाटतं ते मोज'. किमती दरावर अवलंबून आहेत हे एक्सेलला कुठूनच कळलं नव्हतं. दरपत्रकात ज्या भागांची वजनं त्या आठवड्यात हलली होती तेवढ्याच ओळी ताज्या होत्या. कंट्रोल-ऑल्ट-एफ९ दाबल्यावर, म्हणजे सगळं काही बळजबरीने मोजायला लावल्यावर, सगळ्या ओळी नव्या दराने आल्या.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो 'ॲप्लिकेशन.व्होलाटाइल' ही ओळ घालण्याचा. म्हणजे कुठेही काही मोजलं गेलं की हे फंक्शन चालणारच. याने फाइल जड होते, कारण गरज नसतानाही सगळं पुन्हा चालतं. पण मला त्यातली दुसरी उणीव मोठी वाटते. फंक्शन चालेल याची ही हमी आहे. क्रम ठरवायला लागणारी माहिती एक्सेलला अजूनही मिळालेली नाही. नात्याची नोंद झालेलीच नाही, फक्त वारंवार दार ठोठावलं जातंय. आम्ही केलेला बदल साधा होता. फंक्शनला दुसरा कंसातला मुद्दा दिला: वजन आणि दर. प्रत्येक सूत्रात दराचा सेल लिहिला. त्यानंतर दर बदलला की चाळीसच्या चाळीस नोंदी पडू लागल्या.

नोंदी पाहताना आणखी एक गोष्ट दिसली, जी पाहून अनेक जण घाबरतात. कधीकधी एकाच सेलची नोंद एका मोजणीत दोनदा पडे, आणि पहिल्या वेळी वजन रिकामं असे. हा बिघाड नव्हे. फंक्शनची पाळी आली तेव्हा वजनाचं सूत्र मोजून व्हायचं होतं. एक्सेलने ते मागे ढकलून नंतर पुन्हा बोलावलं. शेवटचं उत्तर बरोबरच असतं. फक्त आपलं फंक्शन रिकाम्या हाताने एकदा बोलावलं जाईल हे गृहीत धरून लिहायला हवं, आणि तसं झालं तर काही न करता परतायला हवं.

पुढच्या काळातही हाच नियम वेगवेगळ्या वेशात भेटतो. २००७च्या एक्सेलमध्ये एकाच वेळी अनेक सूत्रं समांतर मोजायची सोय आली, म्हणजे एक जण डाळ शिजवतोय तोवर दुसरा कणीक मळतोय. पण व्हीबीए फंक्शनांना ती मिळाली नाही, ती एकेक करूनच चालतात. गूगल शीट्समध्ये स्वतःचं फंक्शन पुन्हा चालतं ते कंसातली गोष्ट बदलली तरच, म्हणून लोक कंसात एक बिनकामाचा सेल घालून ठेवतात आणि तो हलवून फंक्शन जागं करतात.

सायमन पेटन जोन्स, ॲलन ब्लॅकवेल आणि मार्गारेट बर्नेट यांनी २००३मध्ये एक निबंध लिहून वेगळी दिशा सुचवली होती: फंक्शन लिहायला दुसऱ्या भाषेत का जायचं, ते सेलांच्या आणि सूत्रांच्याच भाषेत लिहिता आलं पाहिजे. डिसेंबर २०२०मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेलं लॅम्डा हे त्या वाटेवरचं आहे. त्यात फंक्शनही सूत्रच असल्यामुळे ते यंत्राला वाचता येतं, आणि जाळं तुटत नाही.

तरीही जुन्या व्हीबीए फंक्शनांवर चालणाऱ्या फाइली अजून असंख्य आहेत, आणि त्यांत शिळा आकडा ताज्यासारखाच दिसतो. खतावणीतल्या आकड्याशेजारी कीर्दीचं पान लिहिलेलं असे, कारण तो कुठून आला हे दुसऱ्याला तपासता यावं. फंक्शनचा कंस म्हणजे तेच पान. फंक्शनला जे जे लागतं ते त्यात लिहिलेलं असलं, तर क्रम यंत्र लावील. नसलं, तर तो लावायचं काम आपलं आहे, आणि हे ज्याला कुणी सांगितलं नाही त्याच्यावर ठपका ठेवण्यात अर्थ नाही.