चार सेल आणि एक अंतरपाट

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधली गोष्ट. नाशिकला मामेबहिणीचं लग्न होतं. फोटोग्राफर ठरवलेला होताच, पण आमची हौस दांडगी! नवा कॅमेरा, त्यावर बाहेरून लावायचा फ्लॅश आणि फ्लॅशच्या पोटात चार रिचार्जेबल सेल. सेलवर ठळक आकडा - २८०० एमएएच. फोटोग्राफर पलीकडच्या बाजूला, मी अलीकडे आजीच्या समोर. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट बाजूला झाला, आजीने अक्षता टाकायला हात उचलला, मी बटण दाबलं... आणि फ्लॅश ढिम्म! दहाएक सेकंदांनी मागचा लाल दिवा पेटला, तोवर हार घालून झाले होते.

रात्री मामाला सांगितलं. मामाने उमेदीत पंचवटीत बरीच लग्नं ‘काढलेली’ आहेत.

"सेल चार्ज कधी केले होतेस?"

"महिना झाला असेल. पण वापरलेच नव्हते ना!"

"अरे, न वापरताही जातात ते," म्हणत तो उठला आणि आजी-आजोबांच्या लग्नाचा अल्बम घेऊन आला. साल १९६४. फोटो मोजून बारा. एक रोल म्हणजे बारा फोटो आणि घरातल्या प्रत्येक फोटोला एक बल्ब. बल्ब एकदाच पेटायचा, मग फेकून द्यायचा. त्यामुळे कोणासाठी बल्ब जाळायचा हे वडीलधारे आधी ठरवत. धाकट्या काकांचा त्या अल्बममध्ये एकही फोटो नाही, आणि ते हे शेवटपर्यंत विसरले नाहीत म्हणे.

तर मंडळी, तिथून माझं डोकं फिरलं आणि पुढचे काही वीकेंड मी हेच वाचत बसलो.

सुरुवात होते दारूपासून. म्हणजे फटाक्यांच्या! १८८७ मध्ये जर्मनीत मीथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची पूड आणि पोटॅशियम क्लोरेट यांचं मिश्रण बनवलं. पेटवलं की भक्कन उजेड, मागोमाग धूर आणि नशीब वाईट असेल तर भुवया गायब. आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय करत होते, तो हाच काळ. पुढे १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तो मात्र सूर्याच्या भरवशावर. त्याच वर्षी ते नाशिकला आले. ऊन हा त्यांचा फ्लॅश, आणि ढग आला की ‘सेल डाऊन’!

१९२९ मध्ये जर्मनीत फ्लॅशबल्ब विकायला आला. काचेत ऑक्सिजन आणि ॲल्युमिनियमचा पातळ वर्ख. धूर गेला, पण एक बल्ब एक फोटो हा हिशोब राहिला. तो मोडला अमेरिकेतल्या एमआयटीच्या हॅरल्ड एजर्टनने. १९३१ च्या सुमारास त्याने कॅपॅसिटरमध्ये साठवलेली वीज वायूच्या नळीतून एका झटक्यात सोडून दाखवली. कॅमेऱ्यावर बाहेरून लावायचे आजचे फ्लॅश बहुतेक याच तत्त्वावर चालतात. उजेड आता जाळायचा नव्हता, साठवायचा होता. मग प्रश्न उरला तो साठवायचा कशात? मामाच्या तरुणपणी त्याचं उत्तर होतं खांद्याला लटकवलेली जड बॅटरी. त्याचा डावा खांदा अजून दुखतो.

छोट्या सेलची कहाणी तशी जुनी. स्वीडनच्या युंगनरने १८९९ मध्येच निकेल-कॅडमियम सेल बनवला होता. तो पूर्ण सीलबंद करणं जमलं १९४७ मध्ये. दणकट प्रकार, पण कॅडमियम विषारी. युरोपने २००६ च्या कायद्याने घरगुती वापरातून त्याला जवळजवळ हद्दपारच केलं. दरम्यान, १९६०च्या दशकाच्या शेवटी फिलिप्सच्या आइंडहोव्हनच्या प्रयोगशाळेत एक मिश्रधातू स्पंजासारखा हायड्रोजन शोषतो असं लक्षात आलं. त्या वाटेने १९९०च्या आसपास निकेल-मेटल हायड्राइड सेल बाजारात आले. मग सुरू झाली आकड्यांची शर्यत. १८००, २३००, २५००, २८००...

आणि इथेच मी फसलो. त्याच आकाराच्या डब्यात जास्त माल कोंबायचा तर आतले पडदे पातळ करावे लागतात, आणि मग सेल बसल्या जागी गळतो. अशा सेलमधला पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त चार्ज महिन्याभरात जाऊ शकतो. उकाड्यात आणखी लवकर. आणि आपल्याकडे लग्नं कधी? एप्रिल-मे!

नोव्हेंबर २००५ मध्ये सान्योने ‘एनेलूप’ काढला. आकडा फक्त २०००, पण वर्षभर पडून राहिला तरी ८५ टक्के चार्ज शिल्लक, असा त्यांचा दावा. मला तर फ्लॅशबल्बनंतरची ही सगळ्यात मोठी क्रांती वाटते. आता ही जात अनेक कंपन्या बनवतात. पाकिटावर ‘कमी स्वयं-डिस्चार्ज’ किंवा ‘आधीच चार्ज केलेला’ अशा अर्थाचं काहीतरी लिहिलेलं असतं.

आकडा कमी म्हणून घाबरू नका. इंजिनीअर आहे, हिशोब करतोच :) १.२ व्होल्ट गुणिले २ अँपिअर-तास म्हणजे एका सेलमध्ये साधारण ८६०० ज्यूल, चारांत ३४ हजारांवर. मोठा फ्लॅश पूर्ण ताकदीने उडाला की नळीत ७५ ज्यूल जातात असं धरू, वाटेत तेवढेच वाया जातात असंही धरू. तरी दोनशेच्या वर फ्लॅश होतात. आजोबांच्या लग्नात फोटोच बारा!

मग साधे अल्कलाइन सेल का नकोत? त्यांचे १.५ व्होल्ट कागदावर जास्त दिसतात, पण फ्लॅश एकदम काही अँपिअर खेचतो तेव्हा आतल्या रोधामुळे ते व्होल्टेज कोसळतं. घड्याळात, रिमोटमध्ये ते उत्तम. १.५ व्होल्टचे नवे लिथियम-आयन सेल मात्र फ्लॅशचं माहितीपत्रक वाचल्याशिवाय घालू नका.

माझे नियम आता साधे आहेत. चार सेल एकाच वेळी घेतलेले, त्यांवर मार्करने एकच खूण. चारातला एक जरी दमला तरी बाकीचे तीन त्याला उलटा मारतात. चार्जर प्रत्येक सेल वेगळा तपासणारा. खिशात आणखी चार. आणि कार्यक्रमाच्या आदल्या रात्री चार्जिंग, कितीही कंटाळा आला तरी!

असो. तो काळाकुट्ट फोटो मी डिलीट केला नव्हता. मागच्या जानेवारीत आजी गेली, तेव्हा पुन्हा उघडला आणि सॉफ्टवेअरमध्ये उजेड ताणून पाहिला. सगळीकडे दाणे दाणे, तोंडावळा नीट दिसतच नाही. अक्षतांनी भरलेली मूठ तेवढी ओळखू येते. मामाने त्याचीच प्रिंट काढून अल्बमात बाराव्या फोटोनंतर चिकटवली आहे.