‘ळ’चा क्रमांक कोणी ठरवला?

इंदापूर तालुक्यातील ‘डाळज’ या गावाचे नाव संगणक आकड्यांच्या रूपात साठवतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे निसर्गनियमाने ठरत नाही. ते माणसांनाच आपसांत ठरवावे लागते. १९९०च्या दशकात मराठी फाँटांचे आकडे निरनिराळे होते. एका फाँटात लिहिलेले ‘डाळज’ दुसऱ्यात निरर्थक चिन्हे होऊन उमटे.

एकमताचा पाया मात्र आधीच घातला गेला होता. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली ‘इस्की’ हे मानक स्वीकारले. पुण्याच्या सी-डॅकने ते वापरात आणले. त्याच वर्षी ॲपल, मायक्रोसॉफ्ट अशा प्रतिस्पर्ध्यांच्या सहभागातून ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावरून घेतलेली होती. ‘ळ’ला २३५५ हा क्रमांक मिळाला. पुढे ब्राउझर बनवणाऱ्यांनीही हेच क्रमांक मानले. म्हणून आज ब्राउझर कोणताही असो, ‘डाळज’ हे ‘डाळज’च दिसते.

असे करार एकदाच होऊन संपत नाहीत. मराठीच्या ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक मिळायला २००८ साल उजाडले. शिवाय जुन्या फाँटांतील मजकूर तो फाँट नसेल तर आजही रूपांतर केल्याशिवाय वाचता येत नाही. आपल्या शाळेच्या जुन्या फायली विद्यार्थ्यांसह उघडून पाहाव्यात, असे आम्ही सुचवतो. एकमत उशिरा झाल्याची किंमत तिथे डोळ्यांना दिसेल.