हळू आवाजाचे गाणे : भावगीताची कुळकथा

मराठी भावगीताची जन्मकथा सहसा एका तबकडीपासून सुरू होते. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी या तरुण गायकाने १९३० च्या दशकाच्या आरंभी ध्वनिमुद्रित केली, ती कमालीची लोकप्रिय झाली आणि भावगीताचे युग सुरू झाले, असे सांगतात. यातला तपशील खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष अपुरा आहे. कवितेला चाल लागली आणि भावगीत जन्मले, असा तो निष्कर्ष. मराठीत कवितेला चाल नव्हती असा काळ शोधूनही सापडणार नाही. ओवी, अभंग, आर्या, कटाव, फटका, लावणी, सगळे गायिलेच जात होते. मुकी कविता ही छापखान्याने अलीकडे आणलेली गोष्ट. तेव्हा शब्द आणि सूर एकत्र येणे ही काही भावगीताची नवलाई नव्हे. त्याची नवलाई आवाजात आहे. एका माणसाने दुसऱ्या माणसाशी बोलावे तितक्या हळू आवाजात, कोणत्याही भूमिकेत न शिरता गायिलेले गाणे शेकडो मैलांवर ऐकू जाणे, ही गोष्ट त्याआधी शक्यच नव्हती. भावगीताचे कूळ शोधायचे तर हा हळू आवाज कुठून आला, तिथून सुरुवात करायला हवी.

त्याआधीचे लोकप्रिय मराठी गाणे म्हणजे नाटकातले पद. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले आणि पुढची पन्नास वर्षे मराठी माणूस गाणे ऐकायला नाटकाला गेला. त्या नाटकांची छापील पुस्तके आजही उघडून पाहावीत. पदाच्या डोक्यावर कंसात चाल दिलेली असते : अमुक लावणीची चाल, अमुक कानडी पदाची चाल, नाहीतर साकी, दिंडी, कामदा. म्हणजे चाल आधीची, लोकांच्या कानात बसलेली, आणि शब्द तिच्या मापाने बेतलेले. १९११ च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंबे यांनी आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या, तेव्हा नाट्यपद रागदारीच्या अधिक जवळ गेले. बालगंधर्वांचे एकेक पद वन्समोअर घेत लांबत जाई. प्रेक्षक तृप्त होत, पण ती तृप्ती प्रामुख्याने सुरांची होती. ध्वनिवर्धक नसलेल्या थिएटरात शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जायचे तर आवाज चढा, खुला आणि फेक असलेलाच लागे. कुजबुजीला त्या गाण्यात जागा नव्हती.

ग्रामोफोन आला तेव्हाही हे बदलले नाही. फ्रेड गैसबर्गने १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले, ते भारतातल्या अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांपैकी एक. त्या काळच्या यंत्राला वीज लागत नसे. गायकाने एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन गायचे, आवाजाच्या धक्क्याने पडदा थरथरायचा, पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या थाळीवर रेघ कोरत जायची. रेघ कोरायला लागणारी सगळी ताकद गळ्यातून यायची. हळू गायिले तर थाळीवर काही उमटतच नसे, त्यामुळे यंत्रापुढेही गळा मोकळा सोडूनच गावे लागे. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत. तेवढ्यात गायक राग मांडत, ताना घेत आणि गाणे संपवत. त्या गाण्यांचे मोल मोठे आहे, पण त्यांतला आवाज अजून मैफलीचा आणि रंगमंचाचाच होता.

बदल घडवला तो मायक्रोफोनने. १९२५ च्या सुमारास पाश्चात्त्य कंपन्यांनी विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण सुरू केले आणि पुढच्या काही वर्षांत ते भारतात आले. आता रेघ कोरायची ताकद विजेकडून येऊ लागली. गळ्याने फक्त सूर आणि शब्द द्यायचे. श्वास, ओठांवरची हलकी फुंकर, वाक्याच्या शेवटी किंचित पडणारा आवाज, हे सगळे तबकडीवर उमटू लागले. अमेरिकेत बिंग क्रॉस्बी याच सुमारास मायक्रोफोनशी गप्पा मारल्यासारखा गाऊ लागला आणि कोलकात्याच्या न्यू थिएटर्समध्ये कुंदनलाल सैगल यांनी हीच वाट धरली. एकाच दशकात, एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या ठिकाणी गाणे हळू झाले, याचे कारण त्या त्या समाजाच्या मनात नव्हे, यंत्रातच शोधावे लागते.

इथे कोणी रास्तपणे विचारील की, मायक्रोफोन तर सगळ्या जगाला मिळाला, मग भावगीत हे खास मराठी प्रकरण कसे? त्याचे उत्तर कवितेत आहे. पुण्यात १९२३ मध्ये रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश हे त्यातले कवी आपल्या कविता सभांमधून गाऊन सादर करत आणि लोक त्या ऐकायला गर्दी करत. ते गवई नव्हते. त्यांच्या गाण्यात तान नव्हती, शब्द पोहोचवण्यापुरताच सूर होता. माधव जूलियन यांनी मराठी पद्यरचनेचा शास्त्रशुद्ध अभ्यासही केला. ‘छंदोरचना’ या ग्रंथात त्यांनी मात्रांच्या आवर्तनानुसार जातींची वर्गवारी केली : आठ मात्रांच्या आवर्तनाची पद्मावर्तनी, सहा मात्रांची भृंगावर्तनी, अशी. तबल्याच्या ठेक्यांशी हे ताडून पाहिले की गोष्ट उघड होते. आठ मात्रांचा केरवा, सहा मात्रांचा दादरा. या कवितांच्या अंगातच ठेका होता. नाट्यपदात शब्दांना चालीच्या मापाचे व्हावे लागे. इथे कविता आपले माप घेऊनच आली आणि चाल तिच्यातून काढता आली. मायक्रोफोनने हळू आवाज शक्य केला त्या क्षणी मराठीत त्या आवाजाला म्हणण्याजोगे भरपूर काही तयार होते.

असे गाणे बांधताना काय घडते, ते थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. संगीतकारापुढे पाच-सहा कडव्यांची कविता असते आणि हाताशी तीन मिनिटे. तो दोन-तीन कडवी निवडतो. पहिली ओळ ध्रुवपद होते, कारण प्रत्येक अंतऱ्यानंतर तिथेच परतायचे असते. ती ओळ पुन्हा येते तेव्हा तिचा अर्थ मधल्या कडव्याने थोडा बदललेला असायला हवा, नाहीतर गाणे जागच्या जागी फिरत राहते. मग समेचा प्रश्न येतो. दादऱ्याच्या ‘धा धी ना धा ती ना’मधल्या पहिल्या ‘धा’वर ओळीतला कोणता शब्द पडणार? सम ‘तू’वर आली तर गाणे आर्जव होते, ‘नाही’वर आली तर तेच गाणे तक्रार होते. ऱ्हस्व अक्षर सुरासाठी ओढले तर शब्द मोडतो, आणि दोन शब्दांच्या मध्ये चुकीच्या जागी श्वास घेतला तर अर्थच फिरतो. यशवंत देव यांनी पुढे ‘शब्दप्रधान गायकी’ हे पुस्तक लिहिले, त्यात याच जबाबदारीचा विचार आहे. भावगीताची कारागिरी इथे दिसते. गायक जितका कमी दिसेल तितके गाणे अधिक खरे वाटते, आणि असे कमी दिसायला मोठी तयारी लागते.

या कारागिरीवर एक जुना आक्षेप आहे : कडवी गाळून, ओळी घोळवून कवितेचे नुकसान होते. कडवी गळतात, हे खरे. चाल कवितेचा एकच अर्थ पक्का करते, हेही खरे. पण दुसरी बाजू अधिक वजनदार आहे. ग्रेस, आरती प्रभू यांच्यासारखे सहजी न उलगडणारे कवी हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींमुळे अशा लोकांना तोंडपाठ झाले, ज्यांनी त्यांचा संग्रह हातात घेतला नसता. अर्थ पूर्ण कळण्याआधी कविता ओठांवर राहणे, ही कवितेची हानी नव्हे. दुसरा आक्षेप तंत्राच्या बाजूने येतो : तबकडीच्या मर्यादेने रूप घडवले म्हणता, मग लाँग प्लेइंग रेकॉर्ड आणि कॅसेट आल्यावर गाणी लांबली का नाहीत? ती फारशी लांबली नाहीत, कारण तोवर ती मर्यादा व्याकरण बनली होती. एक भाव, दोन-तीन कडवी, परतणारी ओळ, एवढ्यात पूर्ण होणारी गोष्ट ऐकायची कानांना सवय लागली होती. बंधन जबरदस्तीचे असते, ते व्याकरण झाले की त्यातच मोकळे वाटू लागते.

हा आवाज ऐकला कुठे गेला, हाही कुळकथेचाच भाग आहे. नाट्यपद थिएटरात, लावणी फडात, अभंग देवळात आणि वारीत. भावगीत मात्र घरात आले. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात केशवराव भोळे यांनी रागविस्ताराचा सोस टाळून छोटी, भाववाही पदे दिली. ती ज्योत्स्ना भोळे यांनी गायिली आणि घरोघर पोहोचली. स्त्रीच्या मनातले स्त्रीनेच, साध्या गळ्याने सांगणे, ही ज्या रंगभूमीवर स्त्रीभूमिका प्रामुख्याने पुरुष करत होते तिथे मोठी गोष्ट होती. पुढे माणिक वर्मा, मालती पांडे, लता मंगेशकर, आशा भोसले यांच्या गाण्यांनी तो आवाज मध्यमवर्गीय घरांत रुजला. मुलगी पाहायला आलेल्या मंडळींपुढे, हळदीकुंकवाला, कोजागिरीला जे गाणे म्हटले जाई ते बहुधा भावगीत असे. आपल्या मनातली हुरहुर, विरह, रुसवा बोलून दाखवायची सोय ज्या घरात नव्हती, त्या घरात ती गाण्याच्या आडोशाने बोलता येऊ लागली. भावगीताचे सांस्कृतिक मोल माझ्या मते यातच आहे.

पण मनातले बोलणे ओवीत नव्हते का, असे विचारले जाईल. होते, आणि अधिक धारदार होते. फरक ऐकणाऱ्यात आहे. जात्यावरची ओवी दळणारीची स्वतःची. अनोळखी माणसाने ती ऐकावी ही तिची अपेक्षा नसते. अभंगातला ‘मी’ विठ्ठलाशी बोलतो, लावणीतली नायिका फडापुढे उभी असते. भावगीतातला ‘मी’ कोणाच्याही मापाचा असतो, ऐकणारा त्यात स्वतः जाऊन बसतो. बहिणाबाई चौधरींच्या बाबतीत हे स्थित्यंतर स्पष्ट दिसते. खानदेशातल्या या निरक्षर कवयित्रीने शेतात आणि जात्यावर रचलेली गाणी तिच्या निधनानंतर १९५२ मध्ये छापली गेली आणि १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवारांच्या संगीतात त्यांतली काही गायिली गेली. तेव्हा एका बाईचे स्वगत साऱ्या महाराष्ट्राचे झाले.

रेडिओने या गाण्याला घर दिले, तसा आश्रयही दिला. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खाते बाळकृष्ण केसकरांकडे आले. त्यांनी आकाशवाणीवरच्या चित्रपटगीतांना कात्री लावली आणि त्या जागी सुगम संगीताला प्रोत्साहन दिले. चित्रपटगीतांबाबत तो निर्णय आततायी ठरला, श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. पण त्यामुळे कवी, संगीतकार आणि गायकांना भावगीतासाठी नियमित काम मिळाले, हे नाकारता येत नाही. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजी सुरू झालेले ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ ही या काळाची सर्वांत मोठी निर्मिती. ५६ गीतांत रामकथा आहे, पण तिची बांधणी भावगीताची आहे. प्रत्येक गीत एखाद्या पात्राच्या तोंडी, एका क्षणाचे, एका भावाचे. महाकाव्य सांगायला हरदासाचे निरूपण नव्हे, तर एकेका पात्राचे मन उघडणारे गाणे वापरावेसे वाटले, यात भावगीताने वीस-पंचवीस वर्षांत मराठी कानांवर केलेला संस्कार दिसतो.

सगळ्यांत गंभीर आक्षेप शेवटी घेतो. हे मन कोणाचे होते? भावगीत मुख्यतः पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या, बहुतांशी उच्चवर्णीय मध्यमवर्गाचे, प्रमाण मराठीतले गाणे राहिले. चांदणे, सांजवेळ आणि विरह त्यात भरपूर, भूक आणि अपमान जवळजवळ नाही. त्याच काळात अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे डफावर थाप मारून वेगळ्याच महाराष्ट्राचे गात होते, वामनदादा कर्डक आंबेडकरी चळवळीची गाणी गावोगाव नेत होते. हा आक्षेप खरा आहे आणि भावगीताच्या प्रेमापोटी तो झाकू नये. त्या गाण्यांना हळू आवाज परवडणारा नव्हता. ज्यांचे म्हणणे कोणी ऐकतच नव्हते, त्यांना मोठ्यानेच गावे लागले. मात्र यावरून भावगीताचे रूपच एका वर्गाचे ठरत नाही. त्याची पहिली मोठी लोकप्रिय कविता वऱ्हाडातून आली होती आणि बहिणाबाई लेवा गणबोलीत गात होत्या.

म्हणून भावगीत जपायचे म्हणजे जुन्या चाली रिअ‍ॅलिटी शोमध्ये हुबेहूब म्हणून दाखवणे नव्हे. तसे करण्यात तयारी दिसते, पण वारसा पुढे जात नाही. साध्या माणसाच्या मनातली गोष्ट साध्या आवाजात जगासमोर ठेवण्यालायक आहे, हा या कुळाचा मूळ दावा. त्यासाठी लागणारा मायक्रोफोन आज प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलणारी मुले-मुली कंपनीच्या परवानगीवाचून गाणी मुद्रित करत आहेत. त्यांतली पुष्कळशी गाणी लग्नाच्या वरातीसाठी असतात, ठेका जोरात आणि शब्द कामचलाऊ. मात्र त्या बोलींतले कवी चांगली कविता घेऊन याच फोनपुढे बसले आणि चाल त्यांच्या शब्दांतून काढली गेली, तर भावगीताच्या पहिल्या पिढीला जे पुरते साधले नाही ते घडेल : हळू आवाजात बोलण्याचा हक्क ज्यांना कधी मिळालाच नाही, त्यांचेही मन मराठीत गायिले जाईल.